मुरमांचे खड्डे : लेझरसोबत पीआरपी घ्यावं का? पैसे भरायच्या आधी विचारतेय

गव्हाळ

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं रोमात (म्हणजे नुसती वाचत) आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सर्च मारला तर सगळे केसगळतीच्या पीआरपीचेच (आपल्याच रक्तातून काढलेला प्लेटलेटचा द्रव) धागे येतात, चेहऱ्याबद्दल काही सापडलं नाही. असेल तर लिंक द्या आणि हा बंद करा.

मी पुण्यात, आयटीवाली, तिशीच्या जरा अलीकडे. कॉलेजपासून गालांवर आणि कानशिलांवर दुखरे मुरुम यायचे, मधे थांबले, परत आले, शेवटी आयसोट्रेटिनॉइनचा (मुरुमांच्या गोळ्या) कोर्स झाला आणि आता सगळं शांत आहे. कोर्स संपून फार महिने झाले नाहीत. पण खड्डे राहिलेत. समोरून उजेड असला की कळत नाही, आमच्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये वरून दिवा आहे तिथे आरशात बघवत नाही.

घराजवळच्या एका स्किन क्लिनिकमध्ये जाऊन आले. काउन्सेलर म्हणून बसलेल्या मुलीने फोटो काढले, लगेच पॅकेज सांगितलं: फ्रॅक्शनल सीओटू लेझर, सहा सिटिंग, आणि प्रत्येक सिटिंगला वर पीआरपी. पीआरपीचे पैसे वेगळे आणि ते जवळपास लेझरएवढेच!! आज बुक केलं तर डिस्काउंट. डॉक्टर आले, चेहऱ्यावरून एकदा नजर फिरवली, हो हो चांगलं होईल म्हणाले आणि गेले.

विचारायचं हे की पीआरपीने खरंच फरक पडतो का, की नुसतं बिल वाढतं? माझा रंग गव्हाळ आहे, लेझरने काळं पडतं असं ऐकलंय. आणि रोज टू व्हीलरवर जाते, उन्हाचं काय करायचं? आईचं म्हणणं स्थळं बघायच्या आधी उरकून टाक. माझं म्हणणं, मला स्वतःसाठी करायचंय, त्यात स्थळं आणू नका.

चहाबाज

आज बुक केलं तर डिस्काउंट हे ऐकलं की चपला घालायच्या आणि निघायचं. फ्लॅट, जिम, इंग्लिश स्पीकिंगचा क्लास आणि चेहरा, सगळीकडे एकच नियम.

बाकी जाणकारांच्या प्रतीक्षेत. चहा घेऊन बसलोय.

मामी_डोंबिवली

गव्हाळ, अगं एवढे पैसे कशाला घालवतेस, माझ्या पुतणीला मसुरीच्या डाळीचं पीठ, साय आणि जायफळ उगाळून लावायला सांगितलं होतं, दोन महिन्यात डाग इतके फिके झाले की ओळखू येईना. लिंबू पण पिळायचं थोडं. केमिकल नाही काही नाही.

सोलापुरी_चादर

मी केलंय हे, दोन्ही एकत्र, म्हणून लिहितो. (हो, पुरुषांना पण खड्डे असतात आणि आम्हालाही लिफ्टमधले दिवे त्रास देतात.)

प्रोसिजर अशी: आधी भुलीचं क्रीम जाड थापतात, वर प्लॅस्टिक लावून पाऊण तास ते तासभर बसवून ठेवतात. तेवढ्यात दंडातून रक्त काढून मशीनमध्ये फिरवायला टाकतात. मग क्रीम पुसून लेझर. टकटक आवाज, जळका वास आणि गालावर गरम टाचण्या टोचल्यासारखं, ओठाच्या वर आणि जबड्याच्या हाडावर जास्त लागतं. त्यानंतर लगेच ते पिवळसर पाणी चेहऱ्यावर चोळलं आणि काही ठिकाणी इंजेक्शनने टोचलं. टोचलेलं लेझरपेक्षा जास्त दुखलं, खोटं का बोला.

पहिला दिवस चेहरा लालबुंद आणि सुजलेला. मग दोन तीन दिवसात बारीक तपकिरी ठिपके ठिपके येतात, हात फिरवला की खरखरीत, ते आपोआप झडतात. खाजवायचं नाही!! आठवडाभर वर्क फ्रॉम होम घेतलं, कॅमेरा बंद. एकदा मशीन बिघडल्यामुळे पीआरपी न घेता नुसतं लेझर झालं होतं, तेव्हा लाली दीड दोन दिवस जास्त टिकली असं मला वाटलं. खड्ड्यांमधे म्हणाल तर फरक आहे, अर्ध्याच्या आसपास, पण तो लेझरचा की पीआरपीचा हे मी कसं सांगणार, दोन्ही एकाच गालावर झालंय.

वैदर्भी

मी नागपूरची. लेझर एप्रिलच्या सुरुवातीला करून घेतलं. डॉक्टर थांबू म्हणत होते, पण सुट्टी तेव्हाच मिळत होती. खपल्या पडल्यावर दोन्ही गालांवर चौकोनी चौकोनी काळपट ठसे उमटले, मशीनचा साचा जसाच्या तसा. ते जायला पावसाळा संपला. पीआरपी घेतलं होतं तरी. गव्हाळ, तुझी भीती फुकटची नाहीये एवढंच सांगते.

कातडीबचाव

एमडी त्वचारोग, जिल्ह्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस. इथे कुणाचं निदान करत नाही, चेहरा न बघता ते करताही येत नाही. पण या धाग्यात लेझर आणि पीआरपी यावर बोलणं सुरू झालं, खड्डे कुठल्या प्रकारचे आहेत हे कुणी विचारलंच नाही. खरं तर सगळं तिथून सुरू होतं.

आधी डाग आणि खड्डा वेगळा करा. मुरुम गेल्यावर राहिलेला तपकिरी किंवा लाल डाग सपाट असतो. तो काही महिन्यांत फिका होतो, क्रीम आणि सनस्क्रीनने लवकर होतो. मामी, तुमच्या पुतणीचे गेले ते हे असणार, ते डाळीच्या पिठाशिवायही गेले असते. लिंबाबद्दल मात्र हात जोडून विनंती, चेहऱ्यावर नको, भाजतं, आणि त्या भाजण्याने नवीन काळे डाग पडलेले पेशंट मी बघतो.

खड्डा म्हणजे त्वचेच्या आतल्या थरातलं कोलॅजन, म्हणजे त्वचेला भरीव ठेवणारं प्रथिन, गेलेलं असतं. त्याचे ढोबळ तीन प्रकार. आइसपिक म्हणजे वरून टाचणीच्या टोकाएवढं भोक पण खोलवर गेलेलं. बॉक्सकार म्हणजे उभ्या कडा आणि सपाट तळ, कांजण्यांचे वण असतात तसले. आणि रोलिंग, ज्याला कडाच नसते, गालाचा पृष्ठभाग नुसता वरखाली दिसतो, आणि उजेड बाजूने किंवा वरून पडला की जास्त (लिफ्ट!). या रोलिंगमध्ये त्वचा खालून तंतूंनी बांधली गेलेली असते. गादीला टाके घातल्यावर जशी खळगी पडते तसं. आता गादी वरून कितीही इस्त्री करा, टाका तोडल्याशिवाय खळगी वर येणार नाही. तो टाका तोडायला सबसिजन करतात, सुई किंवा कॅन्युला (बोथट सुई) त्वचेखालून फिरवून. आइसपिकला लेझर खोलपर्यंत पोचतच नाही, तिथे टीसीए क्रॉस, म्हणजे तीव्र ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचा थेंब काडीच्या टोकाने फक्त त्या भोकात. खोल बॉक्सकारला पंच करून तो भाग उचलतात किंवा काढतात. हे अ‍ॅसिड ऑनलाइन मिळतं म्हणून घरी करणारे महाभाग आहेत, कृपया नको.

लेझर कुठे उपयोगी? उथळ आणि मध्यम बॉक्सकार, सौम्य रोलिंग, आणि वरची प्रक्रिया झाल्यावर एकंदर पोत सुधारायला. बहुतेक चेहऱ्यांवर तिन्ही प्रकार मिसळलेले असतात. त्यामुळे फोटो काढून पाच मिनिटात सगळ्यांना एकच पॅकेज सांगत असतील तर मला शंका येते.

ठाणेदार

कातडीबचाव, आयडी जबरदस्त आहे डॉक.

माझा साधा प्रश्न. आपलंच रक्त काढायचं, फिरवायचं आणि आपल्यालाच विकायचं, एवढा फायद्याचा धंदा दुसरा नसेल. कच्चा माल पण गिऱ्हाइकाचा!! आणि इन्शुरन्स एक रुपया देत नाही कारण कॉस्मेटिक, वर जीएसटी लागतो. मला तर सरळ सरळ फसवाफसवी वाटते. हे माझं वैयक्तिक मत.

कातडीबचाव

ठाणेदार, फसवाफसवी म्हणता येणार नाही. पण पीआरपी जेवढं विकलं जातं तेवढं ते सिद्ध झालेलं नाही, हे मान्य.

आत काय असतं ते सांगतो. रक्तात प्लेटलेट असतात, नॉर्मल माणसात एका मायक्रोलिटरला दीड ते साडेचार लाख. जखम झाली की त्या तिथे जमतात आणि त्यांच्यातल्या कणिकांमधून पीडीजीएफ, टीजीएफ बीटा, व्हीईजीएफ असे ग्रोथ फॅक्टर सोडतात. हे पेशींना बोलावणं धाडतात: या, दुरुस्ती करा, कोलॅजन बनवा, रक्तवाहिन्या वाढवा. पीआरपी करताना १० ते २० मिलि रक्त, गोठू न देणाऱ्या द्रावाच्या नळीत घेतात, सेंट्रिफ्यूजमध्ये बहुधा दोनदा फिरवतात. आधी हळू, त्यात लाल पेशी खाली बसतात, मग जोरात, त्यात प्लेटलेट तळाशी गोळा होतात. वरचं पातळ काढून टाकलं की दोन चार मिलि घट्ट माल उरतो. मायक्रोलिटरला साधारण १० लाख प्लेटलेट मिळाव्यात असं धरतात. फिरवणं चुकलं किंवा वरचाच द्रव वापरला तर तुम्हाला मिळतं ते प्लेटलेट नसलेलं पिवळं पाणी. दिसायला सारखंच! रुग्णाला कळायचा मार्ग नाही, ही खरी अडचण आहे.

आता लेझर. सीओटू लेझरची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर, ती पाण्यात शोषली जाते आणि त्वचेत पाणी भरपूर. जुन्या काळी अख्खा थर जाळून काढायचे, आठवडेच्या आठवडे चेहरा ओला राहायचा, आणि आपल्या रंगाच्या लोकांना तर फारच महाग पडायचं. २००४ मध्ये बोस्टनच्या मंडळींनी फ्रॅक्शनलची कल्पना मांडली: सलग न जाळता बारीक बारीक उभे स्तंभ पाडायचे, मधली त्वचा शाबूत ठेवायची. त्या शाबूत भागातून भरून यायला काही दिवसच लागतात. म्हणजे लेझरने हजारो छोट्या जखमा केल्या आणि दारं उघडी आहेत तेवढ्यात दुरुस्तीवाल्यांना बोलावणारा द्रव ओतला, अशी ही जोडी. तर्क चांगला आहे. पण तर्क चांगला असला म्हणजे गुण येतोच असं नाही.

आकडेमोड

तर्कापुढची माहिती मी देतो, मी डॉक्टर नाही, संख्याशास्त्रवाला आहे, पण बायकोसाठी हे सगळे पेपर वाचून काढले होते.

या विषयात एक सोय आहे. माणसाला दोन गाल असतात. एका गालाला लेझर अधिक पीआरपी, दुसऱ्याला लेझर अधिक सलाइन किंवा नुसतं लेझर. वय, रंग, ऊन, खाणं सगळं सारखं. त्यामुळे अभ्यास बहुतेक असेच आहेत.

२०११ साली कोरियातला, १४ जण. पीआरपीच्या बाजूची लाली लवकर उतरली आणि खड्ड्यांतही थोडा जास्त फरक. २०१४ साली इजिप्तमधला, ३० जण. पीआरपीची बाजू सरस, बरं व्हायला कमी दिवस. आणि गंमत म्हणजे इंजेक्शनने टोचलेलं आणि वरून नुसतं चोळलेलं यात खास फरक नाही, चोळलेलं कमी दुखतं. सोलापुरी_चादर, वाचताय ना?

मग २०१६ साली इराणचा, १६ जण, तो उलटा. खड्ड्यांत फरक होता पण संख्याशास्त्राच्या हिशोबात बसण्याएवढा नाही, आणि पहिल्या दिवशी सूज आणि लाली पीआरपीच्याच बाजूला जास्त. २०१७ साली आपल्याकडे भारतात ३० जणांवर झाला, त्यात खड्ड्यांत वेगळा फायदा दिसला नाही पण लाली, सूज, दुखणं पीआरपीच्या बाजूला कमी.

आता १४, १६, ३० अशा आकड्यांवर मी तरी हजारो रुपयांची पैज लावणार नाही. शिवाय प्रत्येकाची पीआरपी बनवायची कृती वेगळी, सिटिंग वेगळ्या, खड्डे मोजायची पद्धत म्हणजे शेवटी डॉक्टरने फोटो बघून दिलेली श्रेणी. सगळं एकत्र धरून माझं मत: चेहरा लवकर बरा होतो याला बऱ्यापैकी आधार, खड्डे जास्त भरतात याला अर्धवट आधार. ज्यांना सुट्टी मिळत नाही त्यांनी पैसे देऊन दोन दिवस विकत घ्यावेत हवे तर.

चहाबाज

हा प्रतिसाद चिकटवून ठेवा रे कुणीतरी. वाचनखूण साठवली.

सोलापुरी_चादर

वाचतोय आकडेमोड साहेब. गाल चोळतोय.

बंड्या_न्यूजर्सी

इथली एक गोष्ट सांगतो, घाबरवायला नाही. न्यू मेक्सिको राज्यात अल्बुकर्की शहरात एका स्पामध्ये हे व्हॅम्पायर फेशियल करायचे, म्हणजे सुया टोचून पीआरपी. २०१८ मध्ये एका बाईला एचआयव्ही निघाला, तिला दुसरं कुठलंच कारण नव्हतं. आरोग्य खात्याने जाऊन बघितलं तर स्वयंपाकघराच्या फ्रिजमध्ये जेवणाच्या शेजारी रक्ताच्या नळ्या, त्यावर नावं नाहीत, निर्जंतुक करायचं यंत्रच नाही, आणि स्पाला लायसन्स पण नव्हतं. अजून गिऱ्हाइकं सापडली. सीडीसीने (अमेरिकेची सरकारी रोगनियंत्रण संस्था) २०२४ मध्ये त्यावर रिपोर्ट काढला, कॉस्मेटिक सुयांतून एचआयव्ही पसरल्याची पहिली नोंद म्हणून.

दोष पीआरपीचा नाही हे कळतं मला. पण स्वतःचं रक्त म्हणजे शंभर टक्के सेफ असं जे सगळे म्हणतात ना, ते रक्त स्वतःचंच असेल तर!

मामी_डोंबिवली

अगं बाई. फ्रिजमध्ये?

कातडीबचाव

बंड्या, बरं झालं लिहिलंत. म्हणून: रक्त काढल्यावर नळीवर तुमचं नाव तुमच्यासमोर लिहायला लावा. सुई, सिरिंज तुमच्यासमोर फोडायला सांगा. यात लाजायचं काही नाही, चांगला डॉक्टर रागावत नाही. उरलेलं पीआरपी पुढच्या वेळेसाठी ठेवतो म्हणाले तर नको म्हणा. ते ताजंच वापरायचं असतं.

बरेच जण विचारतात की किती आरपीएमला फिरवता हे विचारू का. त्याचा उपयोग नाही, मशीनच्या चकतीची त्रिज्या बदलली की त्याच आरपीएमला जोर बदलतो. त्यापेक्षा आधी माझा सीबीसी (रक्तपेशी मोजायची तपासणी) करणार का हे विचारा. ज्याच्या प्लेटलेटच कमी आहेत त्याचं पीआरपी काय डोंबल होणार. रक्त पातळ करायच्या गोळ्या, रक्तस्रावाचा आजार, चेहऱ्यावर चालू इन्फेक्शन, गरोदरपण, हे आधी सांगायचं. पेनकिलर पण थोडे दिवस आधी थांबवायला सांगतात. ओठावर ‘जर’ म्हणजे हर्पीजचे पाण्याचे फोड येणाऱ्यांनी तर आवर्जून सांगा, लेझरनंतर ते चेहराभर पसरू शकतात, आम्ही आधीच गोळ्या चालू करतो.

गव्हाळ, तुमच्या बाकीच्या प्रश्नांवर. आयसोट्रेटिनॉइननंतर सहा महिने काही करायचं नाही असा जुना दंडक होता. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी सगळे पुरावे तपासले आणि फ्रॅक्शनल लेझरसाठी एवढं थांबवायला पुरेसा आधार नाही असं म्हटलं. अख्खा थर काढणारं लेझर किंवा मशीनने घासणं मात्र टाळाच म्हणाले. आपल्याकडे बरेच डॉक्टर अजून थांबतात आणि त्यात गैर काही नाही. तुम्ही फक्त कोर्स कधी संपला ते लपवू नका.

काळं पडण्याबद्दल: आपल्या त्वचेत रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी तापट असतात, जखम झाली की लगेच रंग ओततात. म्हणून एका फटक्यात जोर लावण्यापेक्षा ठिपके विरळ ठेवायचे, ऊर्जा बेताची, आणि सिटिंगमध्ये चार ते सहा आठवडे अंतर. वैदर्भीताईंना जे झालं ते उन्हाने जास्त झालं असणार, आणि ते बहुतेकांचं जातं. पीआरपीमुळे काळं पडणं थांबेल असं कुणी सांगितलं तर भरवसा ठेवू नका.

पेठेतली

टू व्हीलरवालीसाठी: पुण्यातला स्कार्फ चालत नाही लेझरनंतर!! म्हणजे खपल्या असताना. तो घट्ट बांधला की घासतो, घाम येतो. मी आठवडाभर रिक्षाने गेले, भुर्दंड पडला पण काय करणार. खपल्या पडल्यावर सनस्क्रीन आणि वर सैल स्कार्फ. हेल्मेटची आतली गादी धुऊन घे आधी, ती किती घाण असते ते बघितलंस तर परत घालणार नाहीस.

अवांतर: घरी वापरायचे डर्मारोलर (बारीक सुयांचे रोलर) पाचशे रुपयात मिळतात, माझ्या रूममेटने तोच रोलर बहिणीला पण दिला होता वापरायला. वरची फ्रिजची गोष्ट वाचून तिला लिंक पाठवलीय.

आकडेमोड

रोलरवरून आठवलं. लेझर परवडत नसेल तर दवाखान्यातलं मायक्रोनीडलिंग (त्वचेला बारीक सुया टोचणं) हा पर्याय आहे, त्यात उष्णता नसल्यामुळे काळं पडायचा धोका कमी. त्याच्यासोबत पीआरपीचा डेहराडूनचा अभ्यास आहे २०१६ चा, ५० जण, एका गालाला सुया अधिक पीआरपी, दुसऱ्याला सुया अधिक नुसतं डिस्टिल्ड वॉटर. पीआरपीची बाजू सरस निघाली. माझ्या मते पीआरपीच्या बाजूने जो काही चांगला आधार आहे तो लेझरपेक्षा इथे जरा बरा दिसतो. डॉक, बरोबर का?

कातडीबचाव

साधारण बरोबर. माझ्याकडे कॉलेजची मुलं येतात, शेतकऱ्यांची, त्यांना मी बऱ्याचदा सबसिजन आणि नीडलिंगच सांगतो. खर्च आवाक्यात राहतो आणि रोलिंगवाल्यांना फरकही चांगला पडतो. मोठी मशीन घेतलेल्या दवाखान्यांना मशीनचा हप्ता फेडायचा असतो हे पण लक्षात असू द्या (हलकेच घ्या, माझाही चालू आहे).

आणि ते गोरं करणारं स्टेरॉइडवालं क्रीम कुणी लावत असेल तर लेझरच्या आधी डॉक्टरला सांगा. २०१८ पासून अशी बरीच स्टेरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे, तरी मेडिकलवाले देतात. त्याने त्वचा पातळ होते, मुरुम परत येतात आणि लेझर झेपत नाही.

ठाणेदार

ओके, माझी फसवाफसवी मी अर्धी मागे घेतो. पण डॉक, गावोगाव जे कॉस्मेटॉलॉजिस्ट झालेत, चार दिवसांचा कोर्स करून, त्यांचं काय? आमच्याकडे एका ब्युटी पार्लरच्या वरच पाटी लागलीय, लेझर आणि पीआरपी.

कातडीबचाव

पाटीवर डिग्री बघा. एमडी किंवा डीएनबी त्वचारोग, त्वचारोगाचे डिप्लोमा डीव्हीडी, डीडीव्ही, किंवा प्लास्टिक सर्जन. नुसतं कॉस्मेटॉलॉजिस्ट लिहिलंय आणि मूळ डिग्री बारीक अक्षरात किंवा गायब, तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी आहे का ते बघा. आणि लेझर कोण मारणार, डॉक्टर स्वतः की टेक्निशियन, हे विचारा. पीआरपी चुकलं तर पैसे जातात, लेझर चुकलं तर चेहरा भाजतो.

गव्हाळ

बापरे एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार, मामी तुमचे पण.

अपडेट देते. ते पॅकेज घेतलं नाही. ऑफिसमधल्या एकीने सुचवलेल्या दुसऱ्या डॉक्टरकडे गेले, एमडी आहेत, छोटा दवाखाना, काउन्सेलर वगैरे भानगड नाही, नंबर लावून दीड तास बसले पण मॅडमनी दिव्याखाली गाल ताणून ताणून बघितले आणि पेनाने खुणा केल्या. माझे बरेचसे रोलिंग आहेत म्हणे, कानशिलाजवळ थोडे आइसपिक, आणि ज्या दोन डागांचं मला सगळ्यात वाईट वाटायचं ते खड्डे नाहीतच, नुसता रंग आहे!! त्याला क्रीम दिलंय.

आधी गालांवर सबसिजन, कानशिलावर टीसीए क्रॉस, मग महिना दीड महिन्याने बघून लेझर, विरळ ठिपक्यांचं. पीआरपीबद्दल मी मुद्दाम विचारलं. म्हणाल्या, तुला सुट्टी कमी असेल तर लेझरच्या दिवशी वरून चोळायला घेऊ, नाहीतर नको, खड्ड्यांसाठी म्हणून मी त्याचे पैसे घेणार नाही. किती टक्के जातील विचारलं तर हसल्या आणि म्हणाल्या निम्मे गेले तरी तू खूश होशील, आणि लेझरनंतर तीन ते सहा महिने कोलॅजन बनत राहतं, तेव्हा रोज आरशात शोधू नकोस. आधीचे फोटो एकाच खिडकीजवळ एकाच वेळेला काढून ठेवायला सांगितलेत, फिल्टर बंद करून.

सबसिजनने गाल निळे पडतात म्हणे आठवडाभर. गणपतीत घरी जायचंय त्यामुळे त्यानंतरची तारीख घेतलीय. लेझर दिवाळी झाल्यावर.

सोलापुरी_चादर

बेस्ट. सबसिजनला भूल देतात पण कर कर असा आवाज आतून ऐकू येतो, आधी सांगून ठेवतो, दचकू नकोस.

पैठणीवाली

धागा हायजॅक करतेय, सॉरी. माझं लग्न फेब्रुवारीत आहे, येवल्याला. तीन सिटिंग बसतील का त्याआधी? आणि हळद चेहऱ्याला लागणार, घरचे ऐकणार नाहीत, मेकअप पण आहे. पार्लरवाली म्हणते लग्नाच्या पंधरा दिवस आधी पीआरपी करून घे, ग्लो येतो.

कातडीबचाव

पैठणीवाली, अभिनंदन. उलटं मोजा. शेवटचं लेझर लग्नाच्या किमान दोन अडीच महिने आधी झालेलं हवं, म्हणजे काळं पडलंच तर उतरायला वेळ मिळतो. म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटाला दार बंद. त्याआधी जेवढ्या बसतील तेवढ्या, दोन बसल्या तर दोन, उरलेली लग्नानंतर. त्वचा पूर्ण भरून आलेली असेल तर हळदीने काही होत नाही, फक्त हळदीत लिंबू किंवा अत्तर मिसळू देऊ नका आणि कुणी चेहऱ्यावर घासायला लागलं तर हात धरा. पंधरा दिवस आधी नवीन काहीही नको, पीआरपी नको, पील नको, नवीन क्रीमसुद्धा नको. पार्लरमध्ये रक्त काढू द्यायचंच नाही, लग्न असो नसो.

पैठणीवाली

थँक यू डॉक. आत्याला हळदीचं सांगायची जबाबदारी नवऱ्याकडे देते.